हप्ते त्याचे, मग वाणसामान कोणाचं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला पन्नाशीनंतरच्या घटस्फोटांवरचा लेख वाचला. लेखक महाशयांनी पोटगीला ‘आयती पेन्शन’ म्हटलंय. वा! मी पण पेन्शन घेते, बँकेत होते, मला कोणी आयती म्हणत नाही कारण माझ्याकडे सॅलरी स्लिपा आहेत. घर चालवणाऱ्या बाईला स्लिप कोण देणार? लेखक अभ्यासू असतील, मान्य, पण त्यांनी एकदा तरी अशा घटस्फोटाचा हिशोब मांडताना समोर बसून बघावं.

मी बसलेय. माझ्या वहिनीबरोबर. म्हणजे सख्ख्या भावाची बायको, आता ‘होती’ म्हणायचं, पण 32 वर्षांची सवय, माझ्या तोंडून वहिनीच येतं.

कोथरूडचा फ्लॅट भावाच्या एकट्याच्या नावावर. घेतला तेव्हा व्याज होतं 14-15 टक्के, त्याचा अर्ध्याहून जास्त पगार हप्त्यातच जायचा, उरलेल्यात त्याचं पेट्रोल, एलआयसी आणि मित्रमंडळी. मग घरात चूल कशावर पेटायची? वहिनीच्या डब्यांवर. पोळीभाजीचे डबे, दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी. वाणी, दूध, गॅस, दोन्ही मुलांच्या फिया तिने भरल्या, आणि माझ्या आईची बीपीची औषधं सुद्धा, जी खरंतर मी आणायला हवी होती की भावाने ते सोडून द्या.

तर सेटलमेंटची मीटिंग होती वकिलाच्या ऑफिसात. मी वहिनीच्या बाजूला बसले (त्यावरून आमच्याकडे जे रामायण झालं ते वेगळं). भावाची फाइल एकदम टापटीप, लोनचं स्टेटमेंट, पझेशन लेटर, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, सगळ्याला रंगीत चिकटपट्ट्या लावलेल्या. वहिनीने साडीच्या दुकानाची कापडी पिशवी टेबलावर उपडी केली. डब्यांच्या वह्या, शाळेच्या फीच्या पावत्या, वाण्याच्या याद्या, काहींवर तेलाचे डाग. भावाच्या वकिलाने दोन पानं उलटली आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, ‘‘ताई, हा घरखर्च झाला, घर तर साहेबांनीच घेतलंय ना.’’

साहेब पंख्याकडे बघत होते. अरे, बाई घरखर्च भागवत होती म्हणून तुझा पगार हप्त्याला मोकळा राहिला, एवढं साधं गणित आहे हे! पण कागद हप्त्याचा असतो, आमटीचा नसतो.

कायदा काय म्हणतो ते लेखात दोन ओळींत उरकलंय. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम 25 मध्ये कायमची पोटगी ठरवताना दोघांचं उत्पन्न, मालमत्ता, वागणूक बघतात. 2020 च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टाने रजनेश विरुद्ध नेहा प्रकरणात सांगितलं की दोघांनी आपापली मिळकत आणि देणी प्रतिज्ञापत्रावर उघड करायची आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. उत्तम. पण भावाच्या एफड्या त्याआधीच मोडलेल्या, कुठे गेल्या विचारलं तर ‘खर्च झाल्या’. आणि मुख्य म्हणजे पोटगी हा गरजेचा हिशोब झाला, वाट्याचा नाही. लग्न टिकून आहे तोवर 2005 च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्याने बाईला त्या घरात राहायचा हक्क मिळतो, मालकी मिळत नाही. गोव्यात हेच लग्न झालं असतं तर तिथल्या पोर्तुगीजांच्या वेळच्या कायद्याने, आधी वेगळा करार केला नसेल तर, नवराबायको दोघं निम्म्या निम्म्याचे मालक. गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीच्या नाक्याच्या अलीकडे मात्र ज्याच्या नावावर त्याचं. बायकोला नवऱ्याच्या मालमत्तेत वाटा द्यायचं बिल 2013 मध्ये राज्यसभेत पास झालं होतं, पुढच्या वर्षी लोकसभा संपली आणि बिलही गेलं. मद्रास हायकोर्टाने 2023 मध्ये सौदीत कमावणाऱ्या नवऱ्याच्या केसमध्ये घर सांभाळणाऱ्या बायकोचा वाटा धरला, यावर लेखात एक अक्षर नाही. जागा कमी पडली असेल, शेजारी डाएटवर अर्धं पान होतं.

वहिनीने शेवटी एकरकमी आकड्यावर सही केली, सहमतीने. दरमहा का नाही घेतली असं मला सगळे विचारतात. महिन्याची थकली की वसुलीचा अर्ज करा, मग नोटीस, मग वॉरंट, आणि प्रत्येक तारखेला डब्यांचा खाडा. तिला नको होतं ते. त्या पैशात कोथरूडात वन आरके पण येत नाही. ती नऱ्ह्याला भाड्याने राहते, डबे परत सुरू केलेत, वय 57. थोरला बेंगळुरूला, म्हणतो ‘मी न्यूट्रल आहे.’ फी भरताना ती न्यूट्रल नव्हती बाबा. आणि इकडे सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली, जास्तीचा कार्पेट एरिया, बिल्डरकडून एकरकमी मिळणारा कॉर्पस, दोन वर्षांचं भाडं, सगळं मेंबरच्या नावे. मेंबर कोण, ते सांगायला नको.

यावरून आठवलं, तुमच्या पेपरात त्या फ्लॅटच्या टायटलच्या जाहीर नोटिसा येतात, 14 दिवसांत हरकत कळवा वगैरे, त्यांचा टाइप इतका बारीक का असतो? भिंग घेऊन वाचेपर्यंत मुदत संपायची. जाहिरातीचे पैसे शब्दांवर घेता की मिलिमीटरवर?

असो. पत्र छापलंत तर गोव्याचा आणि मद्रासचा भाग कापू नका, मागच्या वेळी माझ्या पत्राचं मधलंच उडवलं होतं आणि मी फूटपाथवरच्या पार्किंगच्या बाजूने आहे असं वाटत होतं. नाव मात्र छापू नका. भावाकडे तुमचाच पेपर येतो. तसा तो ओळखेलच, ओळखू दे.

एक नणंद,
पुणे 38