पोटमाळा रिकामा करण्याआधी आम्हाला एक हाक मारा

सर्व आजी-माजी गिरगावकरांना सप्रेम नमस्कार.

ठाकूरद्वार ते प्रार्थना समाज या पट्ट्यातल्या वाड्यांमधले आम्ही काही रहिवासी, इथल्या मंडळाचे कार्यकर्ते. आमच्या डोळ्यांदेखत चाळी एकामागून एक रिकाम्या होताहेत. कुणाची इमारत पुनर्विकासात गेली, कुणाची मेट्रोच्या कामात. बिऱ्हाडं पांगली, कुणी डोंबिवलीला, कुणी विरारला. त्याबद्दल तक्रार नाही. सामायिक संडास आणि टेकू लावलेले जिने ज्यांनी जन्मभर सोसले, त्यांना पक्कं घर मिळायलाच हवं. मात्र खोली सोडताना पोटमाळ्यावरचं जुन्या कागदांचं जे गाठोडं थेट रद्दीवाल्याच्या काट्यावर चढतं, ते आधी आम्हाला दाखवा, एवढीच विनंती आहे.

केशवजी नाईक चाळीतला १८९३चा सार्वजनिक गणेशोत्सव, मॅजेस्टिक सिनेमात १९३१ साली लागलेला पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' हे सगळं पुस्तकांत आलेलं आहे. ते हरवणार नाही. हरवतंय ते रोजचं गिरगाव. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ साली सुरू झाली, विजेची १९०७ साली, आणि ३१ मार्च १९६४ला बोरीबंदर ते दादर शेवटची ट्राम धावली. या तारखाही कुठेही सापडतील. पण आमच्या रस्त्यावर माणसं ट्राममध्ये कुठे चढायची, भर पावसात बाजाराची पिशवी घेऊन कशी उतरायची, कोपऱ्यावर भाजीवाल्या कुठल्या ओट्यावर बसायच्या, व्हिक्टोरिया म्हणजे घोडागाड्या कुठे उभ्या असायच्या, हे सांगणारी माणसं आता मोजकीच उरली आहेत. ट्राम बंद झाली तेव्हा जो बारा वर्षांचा होता, तो आज सत्तरीपार आहे. त्यांचं बोलणं नोंदवायला उशीर करून चालणार नाही.

कागदांतून काय निघतं, ते सांगतो. एका शेजाऱ्यांनी खोली सोडताना तारेला ओवलेल्या भाडेपावत्यांचा जुडगा आणून दिला. मधोमध गंजलेलं भोक, कडा वाळवीने खाल्लेल्या. समोरच्या बाजूला घरमालकाची सही, आणि मागे आजोबांनी शिसपेन्सिलीने लिहिलेला महिन्याचा हिशेब: दूध, ट्राम, गणपतीची वर्गणी, मुलीची पाटी. एका कारकुनाचं घर कसं चालायचं, ते त्या पाठकोऱ्या जागेत सापडलं. असे जुडगे आणखी कितीतरी घरांत असतील.

म्हणून हवं आहे ते असं: भाडेपावत्या, ट्राम-बसची तिकिटं आणि पास, रेशनकार्डं, उत्सवांचे अहवाल, नाटकांच्या जाहिराती, लग्नपत्रिका, दुकानांची बिलं, गॅलरीतून काढलेले रस्त्याचे फोटो. फोटोत कोण आहे ते आठवत नसेल तरी चालेल, मागची दुकानाची पाटी आम्हाला पुरते. मूळ कागद आम्ही ठेवून घेणार नाही. तुमच्यासमोर स्कॅन करून परत देऊ. घरातल्या खाजगी बाबी तुमच्या परवानगीशिवाय कुणालाही दाखवणार नाही.

पैशांचीही गरज आहे, हे मोकळेपणाने सांगतो. चांगला स्कॅनर, आवाज नोंदवायचं यंत्र, दोन हार्डडिस्क, आणि मोडी लिपी वाचणाऱ्या जाणकारांचं मानधन एवढा खर्च समोर आहे. जुने दस्त मोडीत आहेत आणि आमच्यापैकी कुणालाच ती वाचता येत नाही. शंभर रुपयेही मोलाचे आहेत. प्रत्येक रकमेची पावती मिळेल आणि जमाखर्च दर महिन्याला मंडळाच्या फळ्यावर लागेल. पावतीशिवाय कुणाच्याही हाती पैसे देऊ नका.

ज्यांना देणगी जमत नाही त्यांनी वेळ द्यावा. कॉलेजच्या मुलामुलींनी रविवारी सकाळी यावं. वाडीतल्या आजी-आजोबांकडे दोघादोघांनी जायचं, त्यांचं ऐकायचं आणि ऐकलेलं लिहून काढायचं, असं काम आहे. खोताची वाडी, फणसवाडी, कांदेवाडी, झावबावाडी इथल्या मंडळींनी आपापल्या वाडीची जबाबदारी घेतली तर फार बरं होईल. परगावी किंवा परदेशी असलेल्या गिरगावकरांनी कागदांचे स्पष्ट फोटो पाठवले तरी चालतील. मागचीही बाजू काढायला विसरू नका.

मंडळाची खोली रोज संध्याकाळी सात ते नऊ उघडी असते. ज्यांची खोली याच महिन्यात रिकामी व्हायची आहे, त्यांनी थांबू नये. निरोप धाडा, आम्ही येऊन गाठोडं उतरवून घेतो.

आपले,
मंडळाचे कार्यकर्ते, गिरगाव