कुत्र्याला कच्चे मांस देताना

महोदय,

पाळीव कुत्र्याला कच्चे मांस देणारे अनेक जण नुसते बोनलेस चिकन देतात, आणि तिथेच घोळ होतो. मांसात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नगण्य. वाढत्या पिल्लाचे शरीर मग स्वतःच्याच हाडांतून कॅल्शियम ओढते. पाय वाकतात, हाडे सहज मोडतात.

त्याहून गंभीर धोका मटणाच्या दुकानातल्या कलेजी-फुप्फुसाचा. ‘कुत्र्यासाठी’ म्हणून ती स्वस्तात मिळतात. त्यांत पाण्याने भरलेले पांढरट फोड दिसले, तर त्या बहुधा हायडॅटिडच्या, म्हणजे पट्टकृमीच्या अळ्या असलेल्या गाठी. त्यांतून कुत्र्याच्या आतड्यात बारीक पट्टकृमी होतात. त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, केसांना चिकटतात, आणि ती पोटात गेली की माणसाच्या यकृतात, फुप्फुसात गाठी वाढतात. कुत्रा मात्र ठणठणीत दिसतो! फोड दिसलेला अवयव मुळीच देऊ नका. बाकीचेही किमान 30 मिनिटे खळखळ उकळूनच द्या.

डीप फ्रीजरवर विसंबणे चूक आहे. गोठवल्याने साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू मरत नाही. आणि शिजवलेले हाड कधीच नको, त्याच्या टोकदार चिरफळ्या आतडे फाडतात.

दुकानामागे भटक्या कुत्र्यांपुढे असे अवयव फेकणे पालिकांनी तातडीने थांबवावे. ते जाळावेत किंवा खोल पुरावेत.

– एक पशुवैद्यक, सातारा