तो भाग मुळात कशासाठी होता, हेही छापावे

संपादक महोदय,

भंगारात गेलेल्या वाहनांच्या सुट्या भागांपासून शेतावरच्या कार्यशाळेसाठी घरीच घडवलेल्या साधनांविषयी आपल्या शेतीच्या पानावर अधूनमधून सचित्र मजकूर येतो. खर्च किती वाचला हे त्यात ठळकपणे सांगितलेले असते; मात्र तो भाग वाहनात कोणते काम करत होता आणि नव्या कामाचा भार त्याला कितपत पेलेल, याविषयी सहसा एक ओळही नसते.

वाहनाचे धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगच्या पाट्यांचेच पाहा. ते स्प्रिंगच्या मिश्र पोलादाचे असल्याने त्यांच्यापासून छिन्नी किंवा खुरपे उत्तम होते. परंतु लालबुंद करून थेट पाण्यात बुडवल्यास त्यांना तडा जाऊ शकतो. पाट्यांसाठी सर्रास वापरले जाणारे क्रोमियमयुक्त पोलाद साधारण ८३० ते ८५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तेलात विझवावे लागते आणि मग पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करावा लागतो. हाच पाटा साध्या लोखंडासारखा, आधी न तापवता, वेल्डिंगने ओझे उचलण्याच्या सांगाड्यात जोडला, तर जोडाशेजारची पट्टी झपाट्याने थंड होऊन काचेसारखी कडक बनते, आणि वरून निर्दोष दिसणारा जोड ऐन भाराखाली तुटू शकतो. शिवाय वर्षानुवर्षे दबून थकलेल्या पाट्यात डोळ्यांना न दिसणारे तडे आधीपासूनच असू शकतात.

डिफरन्शियलपासून, म्हणजे इंजिनाची शक्ती दोन्ही बाजूंच्या चाकांना वाटून देणाऱ्या गिअरच्या संचापासून, केलेल्या ओढयंत्राचीही अशीच गत आहे. एका बाजूचा ॲक्सल जखडला की दुसरा क्राउन गिअरच्या (त्या संचातल्या मोठ्या दातेरी चाकाच्या) दुप्पट वेगाने फिरतो, म्हणजे त्यावर मिळणारा पीळ (फिरवण्याचा जोर) निम्माच उरतो. आणि हे गिअर उलटेही सहज फिरत असल्याने वेगळा ब्रेक नसेल तर उचललेले ओझे सरळ खाली येते. जुन्या हबवर (चाकाच्या फिरत्या मधल्या भागावर) बसवलेल्या ग्राइंडरचा हिशेब तर कागदावर करून पाहण्याजोगा आहे: २०० मिलिमीटर व्यासाचे चाक मिनिटाला १४४० फेरे घेताना त्याच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे १५ मीटर असतो, पुलीने फेरे तिप्पट केले की तोच ४५ मीटरवर जातो, तर साधी चाके बहुधा ३५ मीटरच्या आतबाहेरच्या वेगासाठीच बनवलेली असतात. फुटलेल्या चाकापुढे पत्र्याचे पातळ आवरण टिकत नाही.

ब्रेक ड्रमची भट्टी मात्र मी निःशंकपणे सुचवीन, कारण बिडाला ती उष्णता मानवते; फक्त आधी आतली धूळ ओल्या फडक्याने पुसावी, कारण जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. वायू भरलेले शॉक ॲब्सॉर्बर, इंधनाच्या रिकाम्या टाक्या आणि टायर चढवलेले रिम यांच्यावर ज्योत किंवा वेल्डिंग कधीही चालवू नये. ते स्फोटासारखे फुटू शकतात.

अशा साधनाचे छायाचित्र छापताना मूळ भाग कोणता होता, जोड कोणत्या वेल्डिंग रॉडने केला, किती भार देऊन ते तपासले आणि फिरत्या भागांवर कोणते आवरण बसवले, एवढी माहिती बनवणाऱ्याकडून मागून चौकटीत द्यावी, ही विनंती. ज्याने ते खरोखर वापरले आहे, त्याला ती सांगणे अवघड जाऊ नये.

आपला,
एक वाचक