आईला 108 घेऊन गेली, पोरांना कोण नेणार?

मा. महिला व बालविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स. न. वि. वि.

मी अंगणवाडी सेविका. गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या एका बाईला रात्री अकराला फिट आली. 108 ला फोन लावला, गाडी आली, तिला घेऊन गेली. नवरा वर्षापूर्वीच वारलेला. घरात उरली सहा वर्षांची मुलगी आणि दीड वर्षाचा मुलगा.

शेजारणीने दोघांना उचलून घरी नेलं. तीही धुणीभांडी करणारी. तीन खाडे झाले नि एका घरचं काम गेलं. मग पोरं सकाळी माझ्या अंगणवाडीत, दुपारी तिच्या सासूकडे, रात्री जागा मिळेल तिथे. आई बाराव्या दिवशी परतली.

1098 ला, म्हणजे मुलांच्या हेल्पलाइनला, का नाही कळवलं, असं विचाराल. नाही कळवलं. "ताई, पोरं सरकारकडे देऊ नका," एवढं ती शुद्धीवर येताच बोलली होती. काळजीची गरज असलेलं मूल 24 तासांत बालकल्याण समितीपुढे न्यायचं असतं, हे मला ठाऊक आहे. पण 'बालगृह' हा शब्द आमच्याकडे पोलिस चौकीसारखा ऐकला जातो. माझं चुकलंही असेल.

अडचणीतल्या मुलाला घरातच सांभाळायला महिन्याला पैसे देणारी बालसंगोपन योजना आहे, चांगली आहे. 2023 मध्ये महिन्याचे 1,100 चे 2,250 रुपये झाले तेव्हा आम्हीच घरोघर सांगत फिरलो. पण अर्ज, गृहभेट, अहवाल आणि मग समितीचा आदेश, ही वाट त्या रात्रीसाठी नाही. ज्याला कुणीच नाही त्या मुलासाठी सोय आहे, ज्याची अडचण वर्षानुवर्षांची त्याच्यासाठीही आहे. जिची आई फक्त बारा दिवस दवाखान्यात आहे, तिच्यासाठी शेजारीण.

तर त्या शेजारणीलाच सरकारी आधार द्या. प्रत्येक गावात, प्रभागात चार-पाच घरं आधीच पारखून ठेवा. बाल न्याय कायद्यात समितीने 'योग्य व्यक्ती'कडे मूल सोपवायची तरतूद आहेच. पोलिस पडताळणी अगोदर झालेली असावी, रोजचा भत्ता ठरलेला असावा, आणि समितीला त्याच रात्री फोनवर कळवता यावं. आईची सही किंवा अंगठा घेता आला तर घ्यावा, म्हणजे तिचाही जीव थाऱ्यावर राहील. सरकारी दवाखान्याच्या केसपेपरवर एक रकाना वाढवा: घरी लहान मुलं आहेत का, कुणाजवळ आहेत? पुढचा फोन तिथल्या समाजसेवा अधीक्षकांनी करावा. पोलिसांनी आई किंवा बापाला उचललं तरी हाच प्रश्न आधी विचारला जावा.

आणि हात जोडून सांगते, हे काम मानधनावर आमच्याच गळ्यात मारू नका. पोषण ट्रॅकरच्या मोबाइलवरच्या नोंदींमधूनच मान वर होत नाही.

आमच्या वस्तीत करून बघायचं असेल तर तीन घरं मी आजच सुचवते. पहिलं त्या शेजारणीचं. तिचं गेलेलं काम अजून मिळालेलं नाही.

आपली,
एक अंगणवाडी सेविका