क्लिअरिंगवाल्या काकांना, प्रयोगशाळेकडून

आदरणीय काका,
स. न. वि. वि.

तुम्ही कस्टम्समधून सोडवून आणलेला कॉन्फोकल मायक्रोस्कोप (लेसरनं नमुन्याची थराथरानं प्रतिमा घेणारा सूक्ष्मदर्शक) बसला, लेसर जुळले, काम सुरू झालं. विभागात पेढे वाटले तेव्हा सगळ्यांच्या तोंडी तुमचंच नाव होतं. तुम्ही मात्र मुंबई विमानतळावर सहारच्या कार्गो शेडमध्ये दुसऱ्याच कुणाच्या खोक्यांमागे धावत असणार. म्हणून हे पत्र. ते उघड लिहितोय, कारण संशोधनासाठी बाहेरून यंत्र मागवणाऱ्या प्रत्येक विभागाला तुमच्यासारखा माणूस भेटावा, आणि भेटला नाही तर निदान तो काय करतो हे तरी कळावं.

आमच्या सर्वात लक्षात राहिलं ते तुमचं शिसपेन्सिलीचं काम. बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टम्सला द्यायचं आयात मालाचं विवरण, भरण्याआधी तुम्ही इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि सीमाशुल्कातल्या सवलतीसाठीचं संस्थाप्रमुखांचं प्रमाणपत्र टेबलावर शेजारी शेजारी मांडलंत. पट्टी एकेका ओळीखाली सरकवत तिन्ही कागद वाचलेत. जिथे मेळ बसत नव्हता तिथे बारीक गोल केलात, तोही पेन्सिलीनं, कारण कागद मूळ होते आणि तुमच्या मते मूळ कागदावर पेन लावायचं नसतं. एवढंच. ना त्याचं वेगळं बिल, ना उपकाराची भाषा.

त्या गोलांची किंमत ज्यानं क्वेरी, म्हणजे कस्टम्सनं काढलेली शंका, भोगलीय त्यालाच कळेल. इन्व्हॉइसवर खरेदीदार म्हणून विभागाचं नाव होतं आणि डीएसआयआरची (केंद्राच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन विभागाची) नोंदणी विद्यापीठाच्या नावावर. सवलत नोंदणीकृत संस्थेला मिळते, विभागाला किंवा प्राध्यापकांना नाही. प्रमाणपत्रात 'कॉन्फोकल मायक्रोस्कोप सिस्टिम, नग १' एवढंच लिहिलेलं, तर इन्व्हॉइसवर लेसर युनिट, संगणक आणि कंपनरोधक टेबल यांच्या वेगळ्या ओळी. म्हणजे टेबलाचा संशोधनाशी संबंध काय, हा प्रश्न येणारच. तुम्ही इन्व्हॉइसमधली या यंत्राची प्रत्येक ओळ त्याच शब्दांत, मॉडेल क्रमांक आणि नगांसह प्रमाणपत्राच्या जोडपत्रात घ्यायला लावलीत. पुरवठादाराकडून दुरुस्त इन्व्हॉइसही विमान सुटण्याआधी मागवून घेतलंत. बिल भरल्यावर हीच दुरुस्ती करायची तर अर्ज, खुलासे आणि खेटे, आणि तोवर माल शेडमध्ये पडून.

तिसरा गोल होता 'अध्यापन व संशोधन' या शब्दांभोवती. २३ जुलै १९९६ची ५१/९६ ही सीमाशुल्क अधिसूचना वस्तू केवळ संशोधनासाठी हवी असल्याचा दाखला मागते. तिथे दुसरा कुणी 'अध्यापन' खोडून मोकळा झाला असता. तुम्ही आधी विचारलंत, यातलं एमएस्सीच्या प्रॅक्टिकलला काय वापरणार? त्याच इन्व्हॉइसवर विद्यार्थ्यांसाठीचे साधे मायक्रोस्कोप होते. त्यांना तुम्ही सवलतीतून बाहेर काढलंत आणि पूर्ण शुल्क लावलंत. एकाच बिलात एका ओळीला अधिसूचनेचा लाभ घेता येतो आणि दुसरीला नाही, असं दाखवता येतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. संस्थाप्रमुखांच्या सहीखाली खोटं वाक्य जाऊ नये याची काळजी तुम्ही आमच्याआधी घेतलीत.

याआधीच्या एजंटाचं नाव घेत नाही. पण 'क्वेरी पडली तर बघू' आणि 'आत्ता पूर्ण शुल्क भरा, परतावा नंतर मागू' ही त्याची दोन वाक्यं अजून टोचतात. परतावा काही मागितला की मिळत नाही. मूळ मूल्यांकन अपिलात किंवा दुरुस्तीनं बदलून घेतल्याशिवाय परताव्याचा दावा टिकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१९मध्ये स्पष्ट केलंय. सल्ला देणाऱ्याला एवढं माहीत नसावं? संशोधन प्रकल्पाचा पैसा मोजून मिळतो. शुल्कात जास्तीचा गेला तर रसायनं आणि शिष्यवृत्त्या त्यातूनच कापल्या जातात. त्यात २०२२च्या १८ जुलैपासून संशोधन संस्थांना यंत्रांवर मिळणारा ५ टक्क्यांचा सवलतीचा जीएसटीही गेला. उरलीय ती मूळ सीमाशुल्कातली सवलत, आणि तीही निष्काळजीपणानं घालवायची म्हणजे अन्यायच.

वेळेच्या बाबतीतही तुमचं तेच. विमान उतरेल त्या दिवसाच्या अखेरीपर्यंत बिल भरलं नाही तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि पुढे रोज १०,००० रुपये विलंब शुल्क. शेडचं डेमरेज, म्हणजे माल पडून राहिल्याचं भाडं, वेगळं. ते कार्गो सांभाळणाऱ्याचं असतं, कस्टम्सचा अधिकारी कितीही भला असला तरी त्याच्या हातात ते माफ करणं नसतं. हे तुम्ही आम्हाला माल निघण्याआधी सांगितलंत, माल अडकल्यावर नाही. आणि ताबा घेताना प्रत्येक खोक्यावरचे टिल्ट आणि शॉकचे स्टिकर (खोकं कललं किंवा आदळलं की लाल होणारे) तपासून त्यांचे फोटो काढलेत. एखादा लाल झालेला असता तर शेरा तिथेच, सही करण्याआधी लिहून घ्यायचा. एकदा स्वच्छ पावती दिली की विमा कंपनीसमोर बोलायला तोंड राहत नाही.

काका, चांगुलपणा म्हणजे खिशात हात घालून मदत करणं असं आपण धरून चालतो. आपल्या वाट्याचं काम दुसऱ्याचं नुकसान होऊ नये म्हणून नीट वाचून करणं, हाही चांगुलपणाच, आणि तो फार कमी दिसतो. कस्टम्सच्या ज्या अधिकाऱ्यांनी जोडपत्र पाहून एकही जास्तीचा प्रश्न विचारला नाही, त्यांनाही आमचा नमस्कार कळवा. सरकारी टेबलापलीकडेही नीट कागद ओळखणारी माणसं बसलेली असतात.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे यंत्र बसवल्याचा दाखला, प्रमाणपत्राची प्रत आणि बिल ऑफ एंट्री एकाच फाइलीत लावलंय. बसवल्यापासून पाच वर्षं यंत्र विकता किंवा दुसऱ्याकडे देता येणार नाही, हे फाइलीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवलंय, म्हणजे उद्या विभागप्रमुख बदलले तरी चूक व्हायची नाही.

लेसरचा एक सुटा भाग लवकरच मागवायचा आहे. सुट्या भागालाही सवलत मिळते, पण त्याचं प्रमाणपत्र दर खेपेला नव्यानं लागतं, हे आता पाठ झालंय. मसुदा ऑर्डर देण्याआधीच तुमच्याकडे पाठवतो. तेवढा पाहून द्या.

आपले कृतज्ञ,
मायक्रोस्कोपी प्रयोगशाळेतील सर्वजण