मोहरीचा डबा

नागपूर, १८ मे

प्रिय विन्या,

आईच्या डब्यांना बोलके टॅग लावायच्या कामात तुझ्या सल्ल्यापायी माझा अख्खा रविवार पाण्यात गेला, हे आधी सांगतो, खुशाली मग. "ॲप कम्प्युटरवर टाक ना बे, कीबोर्डवर धडाधड टाइप होते," असं तू फोनवर म्हणालास आणि मीही लेकाचा ऐकून बसलो.

मूळ गोष्ट तुला अर्धीच माहीत आहे. आईच्या डोळ्यांचं आता असं झालंय की कडेचं दिसतं, मधलं पुसल्यासारखं. घरभर फिरते, तुळशीला पाणी घालते, पण डब्यावरचं नाव वाचता येत नाही. मागे वरणात हळदीऐवजी धनेपूड पडली, ते हसण्यावारी गेलं. गोळ्यांचे दोन डबे बदलले तेव्हा मात्र मी घाबरलो. म्हणून हे एनएफसी टॅग आणले. नाण्याएवढा गोल स्टिकर, आत तारेचं वेटोळं आणि एक बारीक चिप, बॅटरी नाही. फोन दोनेक सेंटिमीटरवर आणला की त्याच्याच १३.५६ मेगाहर्ट्झच्या लहरींवर चिप जागी होते आणि आपल्यात लिहिलेलं सांगते. शब्द पडद्यावर येतो, टॉकबॅक, म्हणजे पडदा वाचून दाखवणारी फोनमधली सोय, तो मोठ्याने वाचतो. आईने फोन डब्याला लावायचा, फोनने "हळद" म्हणायचं.

लिहायला एनएफसी टूल्स हे ॲप घेतलं. पहिला टॅग दोन मिनिटांत झाला. पण साठ टॅग, सगळे मराठीत, अंगठ्याने? म्हणून तुझा सल्ला. कम्प्युटरवर खोटा अँड्रॉइड फोन चालवणारं सॉफ्टवेअर टाकलं, त्यात ॲप चढवलं, ते उघडलंही. आणि पहिल्याच पानावर म्हणे, या फोनमध्ये एनएफसी नाही. बरोबरच आहे! पडद्यावरच्या फोनला अँटेना कुठून येणार? आपण दोघं इंजिनिअर म्हणवतो आणि हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

तू आता म्हणशील, कम्प्युटरला जोडून टॅग लिहिणारा यूएसबी रीडर घे. एसीआर१२२यू नावाचा मिळतो, आणि एनएफसी टूल्सची कम्प्युटरवर चालणारी आवृत्तीही आहे, ती त्याच्याशी बोलते. रोजचं काम असतं तर घेतला असता. साठ स्टिकरांसाठी काय घ्यायचा? शेवटी वाट सापडली ती उलटी. एससीआरसीपीवाय नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, उच्चार म्हणे 'स्क्रीन कॉपी'. फोन केबलने जोडायचा, फोनच्या सेटिंगमधल्या डेव्हलपर ऑप्शनमध्ये जाऊन यूएसबी डीबगिंग चालू करायचं, की फोनचा पडदा कम्प्युटरवर येतो. ॲप फोनमध्येच, अँटेनाही फोनचीच, फक्त माउस आणि कीबोर्ड माझा. एकच खोच आहे: त्यात मराठी थेट टाइप होत नाही, पेस्ट मात्र होते. मग सगळी नावं आधी एका फाइलीत लिहून ठेवली. एक ओळ कॉपी, पेस्ट, ॲपमधलं 'राइट' (लिही) बटण, फोनखाली नवा टॅग सरकव. माझ्या फोनची अँटेना कॅमेऱ्याच्या जरा खाली आहे. टॅग इकडेतिकडे सरकवून जागा सापडल्यावर टेबलावर पेन्सिलने गोल काढून ठेवला.

आणि मग खरी गंमत. मी मागवले होते एनटॅग २१५ जातीच्या चिपचे, त्यात ५०४ बाइट मजकूर मावतो. ॲपने वाचून दाखवलं, हे तर २१३, फक्त १४४ बाइट! विकणाऱ्याला मेसेज टाकला, त्याचं उत्तर अजून यायचंय. इंग्रजीत १४४ बाइट म्हणजे ऐसपैस. पण देवनागरीचं एकेक अक्षर तीन बाइट खातं, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. 'नागपूर' लिहिलं की १८ बाइट. रोमनमध्ये सहात काम झालं असतं. "बीपीची पांढरी छोटी गोळी, सकाळी नाश्त्यानंतर एक" हे १२४ बाइट, कसंबसं बसलं. पुढे "बंद करू नये" जोडलं तर ॲपने सरळ नाही म्हटलं. मी अर्धा तास वेलांट्या मोजत होतो. आई शेजारी लसूण सोलत ऐकत होती. म्हणाली, "काहून एवढं पुराण लिहितो? नाव सांग फक्त. कवा घ्यायची ते मले माहीत हाये." साठही टॅग १४४ मध्ये बसले.

स्वयंपाकघरात आणखी घोटाळा. आपल्याकडे सगळे डबे स्टीलचे. स्टीलवर चिकटवला की टॅग मुका. धातूत उलटे प्रवाह फिरतात आणि लहर तिथेच मरते. गोळ्यांच्या पाकिटांचंही तेच, त्यांच्या पाठीला ॲल्युमिनियमचा पत्रा. फेराइटचा, म्हणजे लहर धातूपर्यंत जाऊ न देणाऱ्या चुंबकी पदार्थाचा, थर असलेले टॅग धातूवर चालतात, पण परत कोण मागवणार? मी जाड पुठ्ठ्याचे तुकडे कापले, त्यावर टॅग लावले आणि सुतळीने डब्यांच्या कडीला बांधले. आई पुठ्ठा हातात उचलते, फोन लावते. गोळ्यांना प्लास्टिकच्या डब्या आणल्या.

एक चूक माझीच. कोणी चुकून पुसू नये म्हणून ॲपमध्ये टॅगला कुलूप घालता येतं, आणि ते कुलूप पुन्हा उघडत नाही. मी झोपेच्या भरात जिऱ्याच्या टॅगवर 'मोहरी' लिहिलं आणि कुलूप घातलं. पुठ्ठा आधीच बांधला होता. शेवटी त्या डब्यातलं जिरं काढून मोहरी भरली.

आता सगळं चालतंय, फक्त दुपारी नाही. कूलर चालू असला की फोन काय बोलतो ते ऐकू येत नाही, आणि मे महिन्यात नागपुरात कूलर बंद करा असं आईला सांगायची माझी हिंमत नाही. ती फोन कानाला लावून ऐकते, कोणाचा तरी फोन आल्यासारखा.

जूनमध्ये येणार आहेस ना? लिंबाच्या लोणच्याची एक बरणी तुझ्या नावाने बाजूला काढली आहे. काचेची आहे, टॅग थेट चिकटला. मजकूर आईने सांगितला: "विन्याची, हात लावू नये." ५९ बाइट. कुलूपही घातलंय.

तुझा,
दिल्या