हेडलाईटचा फोकस तपासायची सोय तालुक्याला करा : परिवहन मंत्र्यांना खुलं पत्र

मा. परिवहन मंत्री साहेब,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

साहेब नमस्कार,

मी जळगाव जिल्ह्यात यावल तालुक्यात गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो, बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रोडला माझं छोटं दुकान आहे. बॅटरी, सेल्फ, डायनामो, हॉर्न, हेडलाईट, दिवसभर हेच. आणि हल्ली सगळ्यात जास्त गिऱ्हाईक येतं ते जुन्या गाडीत पांढरा लाइट टाकून घ्यायला. जुनी बोलेरो, सुमो, ओम्नी, कालीपिली, पिकअप, ट्रॅक्टर, स्प्लेंडर, सगळेच येतात. "भाऊ, रातले काहीच दिखत नही, चांगला लाइट टाकी दे." रोज ऐकतो मी हे. आणि तो माणूस खोटं बोलत नसतो साहेब, त्याला खरंच दिसत नसतं, हे आधी समजून घ्या कारण सध्या सगळा जोर त्याची पावती फाडण्यावर आहे आणि पावत्या फाडून रस्त्यावरचा एकही लाइट खाली आलेला मला तरी दिसला नाही.

आमच्याकडे रात्री रस्त्यावर एवढी माणसं का असतात तेही सांगतो, मुंबईत बसून लक्षात येणार नाही. एप्रिल-मे मध्ये जळगाव-भुसावळचं ऊन तुम्हाला माहितीच आहे, ४५ च्या पुढे पारा जातो, मग लांबचा प्रवास लोकं रात्रीच करतात. रावेर, सावदा, फैजपूरहून केळीच्या गाड्या संध्याकाळी भरून रात्री निघतात. शेतीची लाइट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री, म्हणजे रात्रीच्या पाळीत शेतकऱ्याला मोटर चालू करायला बारा-एकला मोटरसायकल काढून मळ्यात जावंच लागतं. ऊसाच्या सीझनला बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, त्यांना मागे रेडियम असला तर नशीब. आणि चैत्रात वणीच्या सप्तशृंगी गडावर पायी जाणारी हजारो माणसं, बाया, म्हातारे, लहान पोरं, उन्हामुळे तीही रात्रीच चालतात, रस्त्याच्या कडेकडेने. एवढ्या सगळ्या लोकांच्या डोळ्यात हा पांढरा लाइट जातो.

आता लाइट कमी का पडतो ते. दहा-पंधरा वर्षं जुनी गाडी माझ्याकडे आली की मी आधी बल्बला हात लावत नाही, मीटर लावतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४ च्या आसपास व्होल्ट दिसतात आणि हेडलाईटच्या होल्डरवर बघावं तर ११, कधी साडेदहा. बाकीचे व्होल्ट गेले कुठे तर जुनी बारीक वायर, काळा पडलेला स्विच, गंजलेली अर्थिंग यात. हॅलोजन बल्बचं असं आहे की व्होल्टेज १० टक्के कमी झालं की उजेड १० टक्के नाही, जवळजवळ ३० टक्के कमी होतो. त्यात रिफ्लेक्टरची चकाकी गेलेली, काच पिवळी पडलेली. म्हणजे कंपनीने दिलेल्या उजेडातला निम्मासुद्धा रस्त्यावर पडत नाही. जुन्या स्प्लेंडरचं तर अजून वेगळं, हेडलाईट इंजिनच्या फेऱ्यांवर चालतो, खड्डा आला म्हणून गाडी हळू केली की लाइट मंद, म्हणजे जिथे दिसायला पाहिजे नेमका तिथेच अंधार.

याला इलाज आहे आणि तो कायद्यातही बसतो. दोन रिले (स्विचच्या इशाऱ्यावर बॅटरीचा करंट थेट दिव्याला जोडणारी डबी), बॅटरीपासून थेट जाडी वायर, चांगली अर्थिंग, नवीन होल्डर, आणि रिफ्लेक्टर गेला असेल तर तो नवीन. बल्ब तोच कंपनीचा ६०/५५ वॅटचा. एवढं केलं की गिऱ्हाईक स्वतः म्हणतं की अरे गाडी नवीन घेतली तेव्हा असाच होता लाइट. पण या कामाला अर्धा दिवस जातो आणि दीड-दोन हजार लागतात, आणि पांढरा एलईडी बल्ब पाचशे-सातशेत मिळतो, दहा मिनिटात बसतो, बसल्या बसल्या समोरची भिंत लख्ख दिसते. मग माणूस काय घेणार? ऑनलाइन तर कोणीही मागवतं आणि घरीच बसवतं.

आता त्या पांढऱ्या लाइटने नेमकं काय होतं ते जरा नीट सांगतो, कारण बऱ्याच लोकांना वाटतं की उजेड जास्त म्हणून डोळे दिपतात. उजेड जास्त असतोच, साध्या एच-४ बल्बचा, म्हणजे तोच ६०/५५ चा हॅलोजन, डिप्परचा (लाइट खाली घेतल्यावरचा) उजेड हजार लुमेनच्या आसपास (लुमेन म्हणजे उजेडाचं माप) आणि ३५ वॅटच्या एचआयडीचा, म्हणजे गॅसवाल्या पांढऱ्या बल्बचा, तीन हजाराच्या वर. पण खरी गडबड बल्बच्या पोटात आहे. एच-४ बल्ब हातात घेऊन बघा, आत दोन फिलामेंट दिसतील आणि डिप्परच्या फिलामेंटखाली एक छोटीशी पत्र्याची वाटी दिसेल. ती वाटी खालच्या बाजूला जाणारा उजेड अडवते, म्हणून डिप्परला उजेड रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तिथून खाली रस्त्यावर येतो. एवढ्याशा वाटीवर समोरच्याचे डोळे वाचतात. एचआयडी किटमध्ये किंवा स्वस्तातल्या एलईडीत उजेड निघायची जागाच बदलते, दोन-तीन मिलिमीटर इकडचं तिकडे झालं तरी रिफ्लेक्टर उजेड भलतीकडे फेकतो, वर झाडाच्या शेंड्यावर आणि समोरच्याच्या तोंडावर. मग तुम्ही डिप्पर द्या नाहीतर अप्पर ठेवा, समोरच्याला दोन्ही सारखंच.

दुसरं, बाजारात काही प्रोजेक्टर, म्हणजे पुढे भिंग असलेले दिवे, येतात ते उजव्या बाजूने गाड्या चालतात अशा देशांसाठी बनवलेले असतात. आपल्या डिप्परचा उजेड डावीकडे थोडा वर चढलेला असतो म्हणजे कडेचा माणूस दिसावा. त्या परदेशी मालात तो उजवीकडे चढतो, म्हणजे सरळ समोरून येणाऱ्या ड्रायव्हरच्या डोळ्यात. बसवणाऱ्यालाही हे माहीत नसतं आणि घेणाऱ्यालाही नाही.

आणि लोड. केळीचे घड भरले की पिकअप मागून बसतो, तोंड वर होतं, आणि रिकाम्या गाडीत बरोबर असलेला फोकस भरलेल्या गाडीत वर जातो. नवीन गाड्यांना लाइट खाली घ्यायचं बटण असतं, जुन्यांना नाही. युरोपच्या नियमात २००० लुमेनच्या वरचा दिवा असेल तर लेव्हल आपोआप खाली-वर करणारी यंत्रणा आणि काच धुणारा वॉशर सक्तीचा आहे, कारण काचेवर धूळ बसली की तो उजेड चारी बाजूंना पसरतो. आमच्या कच्च्या रस्त्यावरची धूळ तुम्ही बघितलीये का साहेब? एका फेरीत काच पांढरी होते, आणि तिच्यामागे तीन हजार लुमेन.

माझ्या नात्यातले एक आप्पा, साठीच्या पुढचे, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, मोटर चालू करायला रात्री निघाले होते. समोरून चार पांढरे लाइट लावलेली गाडी आली. आप्पांना ना रस्ता दिसला ना कड, त्यांनी गाडी डावीकडे दाबली आणि चारीत गेले. मांडीचं हाड मोडलं, त्या वर्षीची रब्बी गेली. ती गाडी थांबलीसुद्धा नाही, आणि मला वाटतं त्या ड्रायव्हरला मागे काय झालं ते कळलंही नसेल. डोळा दिपला की परत नीट दिसायला चार-पाच सेकंद जातात, वयस्कर माणसाला त्याहून जास्त. ६० च्या स्पीडला गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर जाते, म्हणजे सत्तर-ऐंशी मीटर माणूस आंधळा गाडी चालवतो. त्या सत्तर-ऐंशी मीटरमध्ये बैलगाडी असते, पायी चालणारे असतात.

कायदा नाहीये असं नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चा नियम १०६ वाचा, त्यात अगदी मापासकट लिहिलंय : दिव्यापासून ८ मीटरवर, दिव्याच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर उजवीकडे, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे असतील त्याला दिपवेल असा उजेड नको. किती सरळ नियम आहे. एक टेप आणि एक काठी असली तरी अंदाज घेता येतो. कलम ५२ आहे, गाडीत परस्पर बदल करायला बंदी आहे. २०१९ च्या दुरुस्तीत कलम १८२ए आलं, परवानगी नसलेला पार्ट बसवणाऱ्या मालकाला एका बदलामागे ५००० दंड नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद. त्याच कलमात केंद्राने अधिसूचित केलेला सुरक्षेचा पार्ट नियमात न बसता विकणाऱ्याला एका पार्टमागे एक लाख दंडाची तरतूद आहे. मग मला सांगा, नाक्यावर अडवून दिवसा-उजेडी पिकअपवाल्याला पावती फाडलेली मी कितीतरी वेळा पाहिली, पण असे बल्ब पेटीने विकणाऱ्याकडे कोणी गेलंय असं आमच्या भागात एकदाही ऐकलं नाही. माझ्या एका कालीपिलीवाल्या गिऱ्हाइकाला लाइटसाठी दंड झाला, त्याने भरला, आणि त्याच रात्री त्याच लाइटवर गाडी घेऊन घरी गेला. लाइट खाली करून घे, इथे दाखवून जा, असं त्याला कोणी सांगितलंच नाही, कारण तपासायला कोणाकडे काही साधन नव्हतं.

माझं मुख्य मागणं इथेच आहे साहेब. पीयूसीसाठी प्रत्येक गाडी वर्षाला नाहीतर सहा महिन्याला सेंटरवर जातेच, जुनीसुद्धा जाते. तिथेच हेडलाईटचा फोकस तपासायची सक्ती करा. हेडलाईट टेस्टर नावाचं मशीन येतं, चाकावरचं, गाडीसमोर उभं करायचं, दोन मिनिटांचं काम. धूर मोजतो तसा लाइट मोजायचा, डिप्परच्या उजेडाची वरची रेघ ठरल्यापेक्षा वर गेली असेल तर सर्टिफिकेट थांबवायचं आणि पंधरा दिवसांची मुदत द्यायची, दंड नंतर. मशीन सगळीकडे लगेच पोचणार नाही हे मलाही कळतं, तोपर्यंत सेंटरच्या भिंतीवर रेघा मारून द्या. गाडी १० मीटरवर सपाट जागी उभी करायची, दिव्याच्या मध्यापासून सरासरी १० सेंटिमीटर खाली डिप्परची रेघ आली पाहिजे, हे कोणताही वायरिंगवाला मुलगा अर्ध्या तासात शिकतो. मालाच्या गाडीचा फोकस गाडी भरलेली असतानाच तपासा, हे मात्र आदेशात वेगळं लिहा, नाहीतर सगळे रिकामी गाडी दाखवून जातील.

पासिंगला, म्हणजे आरटीओच्या तपासणीला, फोकस बघतात असं कागदावर आहे, पण खाजगी मोटरसायकल आणि कारची पासिंग १५ वर्षांनी येते आणि ट्रॅक्टर तर मळ्यातून बाहेर काढताना कोण बघतंय. आणि पासिंगच्या दिवशी जुना बल्ब लावून जायचं, परत येऊन पांढरा लावायचा, हे सर्रास चालतं, मला स्वतःला लोकं विचारतात की दोन दिवसासाठी बदलून देता का. मी नाही म्हणतो, ते पुढच्या दुकानात जातात. म्हणून एका दिवसाच्या तपासणीवर हे सोडू नका.

विक्रीचं पण बघा. ज्या डब्यावर सरकारी मान्यतेचा शिक्का नाही, आणि कोणत्या गाडीच्या कोणत्या दिव्यासाठी आहे हे लिहिलेलं नाही, तो बल्ब दुकानातही नको आणि ऑनलाइनही नको. हे केंद्राच्या हातात असेल तर तुम्ही राज्यातर्फे लिहा, तुमच्या पत्राला वजन आहे, आमच्या नाही. आणि जुन्या गाड्यांसाठी मान्यता असलेलं, बल्ब-रिफ्लेक्टर-काच सगळं जुळवून बनवलेलं पूर्ण हेडलाईट युनिट रास्त किमतीत मिळालं पाहिजे. नुसती बंदी घालून चालणार नाही, माणसाला दिसायला तर पाहिजेच ना.

रस्त्याचं एक. तुमचं खातं नाही ते, पण शेजारच्या खात्याला सांगा. कडेचा पांढरा पट्टा पुसला गेलाय, वळणावर रिफ्लेक्टर नाहीत, डांबर आणि मातीतला फरक रात्री कळत नाही. पट्टा ठळक असला ना, तर साध्या पिवळ्या लाइटवरही गाडी सुखाने चालते, माझी निम्मी गिऱ्हाइकं पांढरा लाइट मागायला येणारच नाहीत.

यंदा चैत्राच्या आधी एवढं तरी करा. धुळे, जळगाव, नंदुरबार या तीन जिल्ह्यांत प्रत्येक तालुक्याला आठवडी बाजाराच्या दिवशी फोकस तपासणीचा कॅम्प लावा, दंड न करता. बाजाराच्या दिवशी सगळ्या गावच्या गाड्या आपोआप येतात. बैलगाड्या आणि ट्रॉल्यांना रेडियम तिथेच चिकटवून द्या. आमच्या तालुक्यातल्या कॅम्पला मी स्वतः स्क्रू ड्रायव्हर आणि मीटर घेऊन येतो, ओळखीच्या दोन-तीन वायरिंगवाल्यांशी बोललोय, तेही यायला तयार आहेत, लाइट खाली करून द्यायचे कोणाकडून एक रुपया घेणार नाही. तुमच्याकडून फक्त एक इन्स्पेक्टर, एक मशीन आणि तारीख पाहिजे. तारीख बाजाराच्या आठ दिवस आधी कळवा म्हणजे गावोगावी ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावून घेता येईल.

आपला,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन
ता. यावल, जि. जळगाव